टनांचं काय घेऊन बसलात?

परवा एका मित्राचा फोन आला. साहेबांनी नुकतीच 1994 ची मझदा मिआटा घेतली आहे. सेकंडहँड, लाल, टप उघडणारी. माझ्याकडेही तीच, त्याच सालची, म्हणून सल्ला हवा होता. "डिकीत ठेवायला जॅक बघतोय. सेलमध्ये तीन टनांचा बॉटल जॅक मिळतोय. घेऊन टाकू ना?"

तीन टन! अरे, तुझी गाडी अख्खी मिळून जेमतेम एक टन. वजन चारही चाकांवर जवळपास सारखं वाटलेलं. म्हणजे एक कोपरा उचलायला पाव टन, फार तर अर्धा. तीन टनांचा जॅक काय रस्ता उचलायला हवाय?

पण हसायचं कुठल्या तोंडाने? चार वर्षांपूर्वी मीही हाच शहाणपणा केला होता. मूळ जॅक आधीच्या मालकाने हरवला होता, म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा बघून बॉटल जॅक आणला आणि डिकीत टाकला. पुढे न्यू जर्सीतच एका मॉलच्या पार्किंगमध्ये मागचा टायर बसला. जॅक काढला, तर तो सिलखाली जाईचना! शेवटी फळीवर चाक चढवून कशीबशी जागा केली, गाडी उचलली, चाक काढलं. स्टेपनी आणायला वळलो आणि मागे धाडकन आवाज. जॅकचं गुळगुळीत गोल डोकं कडेवरून निसटलं होतं आणि गाडी ब्रेकच्या डिस्कवर बसली होती. दहा सेकंदांपूर्वी माझा हात चाकाच्या खोबणीत होता.

त्या दिवसापासून टन हा शब्द माझ्या डोक्यात जातो. आकडा खोटा नाही, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे. विचारायचे प्रश्न तीन. जॅक किती खाली बसतो? गाडीला कुठे धरतो? आणि स्वतः कशावर उभा राहतो?

पहिला प्रश्न उंचीचा. या गाडीचा मूळ टायर 185/60 आर 14. म्हणजे टायरच्या भिंतीची उंची 111 मिलिमीटर. हवा गेली की त्यातला बराच भाग गेला, आणि गाडी त्या कोपऱ्यात तेवढी खाली. आधीच बुटकी, त्यात कोणी हौसेने स्प्रिंग कापून आणखी बसवलेली. बॉटल जॅक मिटलेला असतानाच सहा-सात इंच उंच असतो. म्हणून माप घ्यायचं ते टायर बसलेला असताना. दुकानात उभं राहून अंदाजाने नाही.

दुसरा प्रश्न पकडीचा. दाराखाली पत्र्याची उभी कड असते, तिला दोन खाचा असतात. जॅक लावायचा तो त्या दोन खाचांच्या मधे. मूळ सिझर जॅकच्या डोक्याला खोबण असते, त्यात ही कड बसते. दिसायला मामुली, पण सगळी सुरक्षितता त्या खोबणीत आहे. आणि ती कड शाबूत आहे का तेही बघा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, शिवाय या गाडीच्या टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की सिल आतून गंजतं. गंजलेल्या सिलला जगातला कुठलाही जॅक वाचवू शकत नाही.

म्हणजे मूळ जॅक देव आहे का? मुळीच नाही. सिझर जॅकचे हात जमिनीशी 15 अंशांत असतात तेव्हा स्क्रूवर वजनाच्या पावणेचारपट ताण येतो. 45 अंशांत तो वजनाइतकाच. आपली गाडी बुटकी, म्हणजे सुरुवात नेहमी त्या वाईट टोकापासून. जंकयार्डातून आणताना हात वाकलेत का, स्क्रूचे आटे झिजलेत का बघा आणि ग्रीस लावा.

तिसरा प्रश्न जमिनीचा. मऊ मातीत किंवा तापलेल्या डांबरात जॅक रुततो. खाली प्लायवूडचा तुकडा हवा, आणि त्याची जाडी पहिल्या मापात धरायला हवी. आपल्याकडचा ट्रकचा क्लीनर घाटात गाडी थांबली की आधी उडी मारून चाकाला दगड लावतो. तो अडाणी नाही, तोच खरा इंजिनिअर. मागचं एक चाक उचललं की साध्या डिफरन्शियलमुळे गिअर गाडी धरून ठेवत नाही, आणि हँडब्रेकला उरतं एकच चाक. दगड लावाच.

"रोडसाइड असिस्टन्स आहे की!" हा दुसरा लाडका युक्तिवाद. हायवेच्या कडेला, ट्रॅफिकच्या बाजूचा टायर गेला असेल तर मीही त्यांनाच बोलावीन. तिथे मर्दुमकी नको. पण रात्री अकराला, फोनला रेंज नसलेल्या रस्त्यावर ती मेंबरशिप उचलणार आहे का गाडी?

आपण ऑफिसात ज्युनियरला सुनावतो, रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे. मग न वापरलेला जॅक डिकीत टाकून निवांत कसे झोपतो? या शनिवारी सपाट जागेवर टायरची हवा काढा. नट आधी जमिनीवरच सैल करा, मग गाडी उचला. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवा, जॅक निसटलाच तर गाडी त्यावर बसेल. आणि काही झालं तरी नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. त्यासाठी स्टँड असतात. तेही डोळे मिटून नाही, कारण 2020 साली अमेरिकेत दहा लाखांहून जास्त स्टँड परत मागवावे लागले होते. वजनाखाली त्यांचे दाते सुटत होते.

मित्राला एवढं सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "पण सेल रविवारी संपतोय रे."

असो. शनिवारी त्याच्याकडे जातोय. टेप आणि प्लायवूड माझं, चहा त्याचा.