जुना नंबर, नवी गाडी

दुसऱ्या कुणी हुबेहूब बनवली तर 'डुप्लिकेट', कंपनीनंच पुन्हा बनवली तर 'ओरिजिनल'. गाडीवेड्यांचा हा लाडका नियम मला अजिबात मान्य नाही. माझ्या मते दोघींत कंपनीची गाडीच जास्त खोटं बोलते.

जग्वारचं उदाहरण घ्या. २००८ पासून ही कंपनी टाटांची आहे, म्हणजे भांडण घरातलंच. १९६३ मध्ये जग्वारनं शर्यतीसाठी १८ लाइटवेट ई-टाइप बनवायचं ठरवलं. बनल्या १२. उरलेले सहा चॅसी नंबर नोंदवहीतच राहिले. २०१४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की त्या सहा गाड्या आता बनवू आणि त्यांना तेच नंबर देऊ. त्यानंतर एक्सकेएसएस. १९५७ मध्ये ब्राउन्स लेनच्या कारखान्याला लागलेल्या आगीत अशा नऊ गाड्या जळाल्या होत्या. २०१६ मध्ये त्या नऊंची भरपाई करायची घोषणा झाली. किंमत, एकेकीला दहा लाख पौंडांच्या वर.

याला म्हणतात 'कंटिन्युएशन'. पन्नास वर्षं बंद पडलेलं काम चालू होतं असं कसं म्हणायचं? गाडी नवी आहे हे कंपनी लपवत नाही, हे कबूल. मग जुना नंबर कशाला? कारण पैसे त्या नंबरचेच मिळतात.

आम्ही कोडवाले रोज गिट वापरतो. त्यात कमिटवर मागची तारीख टाकता येते, एका ओळीचं काम आहे. कोड चालतोही. पण हे एकदा कळलं की त्या हिस्टरीवर कुणी विश्वास ठेवत नाही. फोर्कचं तसं नाही. मूळ कुणाचं, आपण कुठून वेगळे झालो, सगळं उघड दिसतं. प्रामाणिक रेप्लिका म्हणजे फोर्क. तिच्यावर खोटी पाटी ठोकून कुणी विकली, तर ती फसवणूक विकणाऱ्याची.

'पण डिझाइन तर कंपनीचं आहे ना?' याच हक्कासाठी जग्वार सी-टाइपची रेप्लिका बनवणाऱ्या एका जोडप्याविरुद्ध स्वीडनच्या कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये स्वतः आठ नव्या सी-टाइप बनवायची घोषणा केली. डिझाइनवर हक्क कुणाचा, हा कोर्टाचा प्रश्न. पण डिझाइन विकत घेता येतं, १९५३ साल नाही.

आपल्या बजाजकडे बघा. आधी परवान्यावर व्हेस्पा बनवल्या. करार संपल्यावर तशाच घाटाची स्कूटर १९७२ मध्ये 'चेतक' म्हणून आणली. ती कुणाला नकली व्हेस्पा वाटली? २०१९ मध्ये इलेक्ट्रिक चेतक आली, तिनंही नाव घेतलं, जुनं साल मागितलं नाही.

रविवारी सकाळी पाम बीच रोडवर एखादी देखणी गाडी थांबलेली दिसली, तर 'ओरिजिनल आहे का?' असं विचारू नका. 'कधी बनली, कुणी बनवली?' असं विचारा. सरळ उत्तर मिळालं, तर माझ्या लेखी ती गाडी अस्सल.