आगाऊ खरेदी विटांची, सिमेंटची नव्हे

कोल्हापूर : स्वतःच्या भूखंडावर घर बांधणारे अनेक जण दरवाढीच्या धास्तीने पावसाळ्यापूर्वीच सर्व साहित्य भरून ठेवतात. विटा आणि वाळूबाबत या घाईला आधार आहे. पावसात वीटभट्ट्या बंद असतात. १० जून ते ३० सप्टेंबर या काळात नदीपात्रातील वाळूउपशावरही बंदी असते.

सिमेंटचा हिशेब मात्र वेगळा आहे. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे २० टक्क्यांनी घटू शकते. दमट हवेत पोत्यात गुठळ्याही होतात. शिवाय दर नेहमी वाढतातच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीच पोती भरणाऱ्यांना हा लाभ मिळाला नाही. सळईवरील कर १८ टक्केच राहिला आणि सळई उघड्यावर गंजते.

साठवणुकीची जागाही महत्त्वाची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या सखल भागापर्यंत शिरले होते. त्यामुळे विटा-वाळू पावसाळ्यापूर्वी उंच जागी साठवावी, सळई गरजेपुरती आणावी आणि सिमेंट कामाच्या गतीनुसारच घ्यावे, हे व्यवहार्य ठरते.