वास्तुशिल्पी कानविंदे : आपले की परके?

सिंधुदुर्ग किल्ला कोणी बांधला, असे विचारले तर आपल्यापैकी कोणीही शिवाजी महाराजांचे नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. परंतु १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर ज्यांच्या देखरेखीखाली काम उभे राहिले, त्या हिरोजी इंदुलकरांचे नाव किती जणांच्या ओठावर येते? बांधवून घेणाऱ्याचे नाव राहते आणि बांधणाऱ्याचे पुसले जाते, ही आपली जुनी खोड आहे. पाडगावकर वेंगुर्ल्याचे, मच्छिंद्र कांबळी रेवंडीचे, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र आचऱ्याचे कानविंदे म्हटले की समोरचा विचारतो, "कोण कानविंदे?"

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ रोजी मालवण तालुक्यातील आचरे गावी झाला. दोन वर्षांचे असतानाच त्यांची आई गेली. वडील मुंबईत कलाशिक्षक होते. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे हा त्यांचा हातखंडा. आईविना पोर गावच्या मोठ्या कुटुंबात वाढले. वडील मुंबईत आणि मुले गावच्या घरात, ही कोकणातल्या शेकडो घरांची कहाणी त्यांच्याही वाट्याला आली. १९३५ साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वास्तुकला विभागात दाखल झाले. क्लॉड बॅटली तेव्हा विभागप्रमुख होते. पुढे १९४५ मध्ये सरकारने निवडक तरुणांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवले. कानविंदे अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि तेथे त्यांना गुरू भेटला तो वॉल्टर ग्रोपियस.

हा गुरू मूळचा बर्लिनचा. १८८३ चा जन्म. वडील वास्तुशिल्पी, चुलत आजोबा मार्टिन ग्रोपियस तर बर्लिनचे नामवंत वास्तुशिल्पी. घराण्यातच विद्या होती, पण गंमत अशी की या पोराला रेखाटन करणे जमत नसे! आपल्या मनातली इमारत कागदावर उतरवण्यासाठी त्याला सतत दुसऱ्याच्या हाताची गरज लागे. या उणिवेतूनच, मला वाटते, त्याची सहकार्याची निष्ठा आली असावी. सुतार, विणकर, चित्रकार आणि वास्तुशिल्पी यांनी एकत्र शिकावे म्हणून त्याने १९१९ साली वायमारला 'बाउहाउस' ही शाळा काढली, आणि उतारवयात आठ जणांची भागीदारी करून तो तिच्यात रमला.

संसाराने मात्र त्याला फार सुख दिले नाही. संगीतकार गुस्ताफ माहलरची विधवा आल्मा हिच्याशी त्याने १९१५ मध्ये लग्न केले. ते १९२० मध्ये मोडले. त्यांची मुलगी मनोन ही कानविंद्यांच्याच वयाची, १९१६ साली जन्मलेली. ती पोलिओने १९३५ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी गेली. त्या वेळी बाप देशोधडीला लागलेला होता. नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस १९३३ मध्ये बंद पडले होते, आणि १९३४ मध्ये ग्रोपियस जर्मनी सोडून इंग्लंडला व तेथून १९३७ मध्ये अमेरिकेला गेला. दुसरी पत्नी इझे सोबत होती. तिच्या दिवंगत बहिणीची मुलगी आती हिला या दांपत्याने आपली मुलगी मानून वाढवले.

१९३८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लिंकन या गावी त्याने आपल्या कुटुंबासाठी घर बांधले. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने हे घर महत्त्वाचे आहे. जगभर गाजलेला हा आधुनिक वास्तुशिल्पी जर्मनीतले घर जसेच्या तसे तेथे उभे करू शकला असता. त्याने तसे केले नाही. त्या मुलखातली जुनी घरे त्याने आधी पाहिली. तेथल्यासारख्याच पांढऱ्या रंगवलेल्या लाकडी फळ्या, तेथलाच दगड, विटा, बाजूला जाळीची पडवी, हे सगळे घेऊन त्याने नव्या घडणीचे घर केले. लहान आतीला मैत्रिणींसह थेट आपल्या खोलीत जाता यावे म्हणून बाहेरून गोल जिनाही ठेवला. घरात राहणार कोण आणि बाहेर हवा कशी, हे त्याचे पहिले प्रश्न होते.

कानविंद्यांनी गुरूकडून घेतले ते हे प्रश्न. १९४७ मध्ये परतल्यावर ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. अहमदाबादच्या 'अटिरा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची त्यांची इमारत पाहिली तर गुरूची छाया स्पष्ट दिसते. पण १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर स्वतःची संस्था काढल्यानंतर त्यांचा स्वतःचा सूर लागत गेला. कानपूरच्या आय. आय. टी.चे संकुल त्यांनी उघड्या विटांत आणि काँक्रिटच्या सांगाड्यात बांधले. इमारती एकमेकींना सावलीच्या लांब मार्गिकांनी जोडल्या, कारण उत्तर प्रदेशचा उन्हाळा विद्यार्थ्याला उघड्यावर चालू देत नाही. (या संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, म्हणजे पाया घालणाऱ्यांत दोन मराठी माणसे!) मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत दूध वरच्या मजल्यावरून खाली आपल्या वजनाने उतरते आणि गरम हवा उंच धुराड्यांसारख्या वाटांनी बाहेर पडते. आपल्या सहली मुंबईत ज्या नेहरू विज्ञान केंद्रात जातात, तेही त्यांचेच. १९५९ साली ललित कला अकादमीच्या वास्तुकला परिसंवादाचे ते संयोजक होते. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २८ डिसेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र संजय हेही वास्तुशिल्पी असून संजय व तनुजा कानविंदे यांनी लिहिलेले 'आकार' हे इंग्रजी पुस्तक २०१७ मध्ये निघाले. आजोबा चित्रकार, मुलगा आणि नातू वास्तुशिल्पी, अशी ही तीन पिढ्यांची रेघ.

आता कोणी म्हणेल, "सगळे खरे, पण नावाजलेली कामे अहमदाबादला, कानपूरला, दिल्लीला. आम्हांला त्याचे काय?" आक्षेप रास्त आहे. आचऱ्याच्या पडवीतूनच कानपूरच्या मार्गिका निघाल्या, असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे, पण तो भाबडेपणा होईल. आपला माणूस म्हणून नुसती पाटी लावण्यातही अर्थ नाही. तो आपला ठरेल तो एकाच मार्गाने : त्याचे प्रश्न आपण आपल्या घरांना विचारले तर.

मित्रहो, आपल्या वाड्यावाड्यांतून काय चालले आहे ते पाहा. जांभ्या चिऱ्याची, कौलारू घरे पाडली जात आहेत आणि त्या जागी सपाट स्लॅबची चौकोनी घरे उभी राहत आहेत. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट स्लॅब गळतो. मग त्यावर लोखंडी खांब रोवून उतरता पत्रा चढवला जातो. म्हणजे घराला दोन छपरे! आजोबांच्या उतरत्या छपराकडेच आपण परत आलो, फक्त दुप्पट खर्च करून आणि वैशाखात भट्टीसारखे तापणारे घर पदरात घेऊन.

जुन्या घराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. माजघरात भरदिवसा अंधार असे. चुलीच्या धुरात बायकांचे डोळे गेले. दर वर्षी पावसाआधी कौले परतायला आता माणूस मिळत नाही, आणि सागाच्या वाशांचा भाव परवडत नाही. पण बदल म्हणजे मुंबईच्या उपनगरातला नमुना उचलून आणणे नव्हे. कौलांचेच उदाहरण घ्या. आपण ज्यांना मंगळुरी कौले म्हणतो, ती १८६५ मध्ये बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यातून आली. परकी वस्तू आली, पण आपल्या पावसाला पटली म्हणून आपली झाली. स्लॅबला ही परीक्षा आपण कधी घेतली काय?

आचऱ्यात गावपळणीची रीत आहे. रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. घराची किंमत कळायला घर सोडून पाहावे लागते, हे या गावाला कोणी शिकवायला नको. आपली जुनी घरे मात्र आपण कायमची सोडत आहोत, आणि मागे त्यांची नोंदसुद्धा ठेवत नाही.

येथे आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. वास्तुकला आपला विषय नाही, ही सबब पुरेशी नाही. प्रत्येकाने आपल्या वाडीतले एक जुने घर निवडावे. पडवी, ओटी, माजघर, खळे यांची मापे टेपने घ्यावीत. भागाभागांची मालवणी नावे आजीला विचारून लिहावीत. चिरा कोणत्या खाणीचा, सुतार कोण, गवंडी कोण, हे लिहावे. भूगोलाच्या विद्यार्थ्याने वारा कोठून येतो ते पाहावे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने खर्च मांडावा. प्राध्यापकांनी या कामाला प्रकल्पाचा दर्जा द्यावा. चाळीस घरे जरी नोंदली गेली, तरी नवे घर बांधू पाहणाऱ्या एखाद्या गावकऱ्याला दाखवायला आपल्याजवळ काहीतरी असेल.

नाहीतर हिरोजींचे नाव विसरलो, तसेच कानविंद्यांचेही विसरू. आणि ज्या घरांत आपण वाढलो ती कोणी, कशी बांधली, हे सांगणारेही उरणार नाही.