राजाचा वाढदिवस, खाटकाची पोरं

दक्षिण कोरियात १५ मे हा शिक्षक दिन. मास्तरांना लाल कार्नेशनची फुलं द्यायची रीत. हा दिवस काढला पोरींनी. १९५८ साली गांगग्योंगच्या शाळेतल्या रेडक्रॉसच्या मुली आजारी नि निवृत्त मास्तरांना भेटायला गेल्या, तिथनं सुरुवात. १९६५ साली तो राजा सेजोंगच्या जन्मदिवसावर नेऊन बसवला. पोरींची कमाई राजाच्या खाती जमा!

राजा हलका नव्हता, हे कबूल. चिनी अक्षरं दरबाऱ्यांच्या मुठीत होती. त्यानं १४४३ साली २८ नवी अक्षरं घडवली, १४४६ साली रयतेला दिली. ती हंगुल लिपी. पंडित बोंबलले, आपण रानटी ठरू म्हणाले. अक्षर खाली उतरलं की यांच्या पोटात दुखणारच.

पण याच राजाच्या कारकिर्दीत, १४२३ साली, खाटकांना नि टोपल्या विणणाऱ्यांना नवं नाव मिळालं: बेकजोंग. अर्थ साधा, सामान्य रयत. पुढं त्याचीच शिवी झाली. नाव बदलून जात जात नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १८९४ साली कागदावर भेद संपले, तरी जिंजू शहरात पैसेवाल्या खाटकाच्याही पोरांना शाळा घेईना. लिपी होती, शाळा होती, दार बंद. मग १९२३ साली, बरोबर ५०० वर्षांनी, त्यांनी संघटना उभारली: ह्योंगप्योंगसा. ह्योंग म्हणजे तराजू. रोज मटण तोलायचा तोच.

मास्तरांना फुलं द्या की. १९८९ साली युनियन केली म्हणून सुमारे १,५०० मास्तर कामावरून काढले, त्यांना तर आधी द्या. पण त्या दिवशी एखादं फूल जिंजूच्या खाटकांसाठी कुणी बाजूला ठेवतं का, तेवढं मला विचारायचंय.