जातिवंत मांजर : रूप, स्वभाव आणि आपली जबाबदारी



मराठीत 'जातिवंत' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. जातिवंत घोडा, जातिवंत कलावंत, जातिवंत खवय्या! प्रत्येक ठिकाणी अर्थ एकच, अस्सल आणि उत्तम. म्हणून कुणी "आमच्याकडे जातिवंत मांजर आहे" असं म्हटलं, की आपण लगेच धरून चालतो, हे मांजर गल्लीतल्या मांजरापेक्षा नक्कीच सरस असणार.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मांजराच्या बाबतीत 'जातिवंत' हा गुण नाही, ती एक नोंद आहे. आई-बाप कोण, आजी-आजोबा कोण, हे कागदावर लिहिलेलं असतं, एवढंच. ते मांजर निरोगी आहे का, सुखात आहे का, हे त्या कागदावरून कळत नाही. काही जातींत तर ज्या रूपावर आपण भाळतो, तेच रूप त्या जिवाचं दुखणं असतं. हे कसं, ते आज आखूड केसांच्या जातींच्या उदाहरणांवरून पाहू.

जाती आल्या कुठून?

मांजर माणसाजवळ आलं त्याला सुमारे दहा हजार वर्षं झाली. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारं आली, कोठारांमागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. कुत्र्याच्या जाती माणसाने शिकार, राखण, गुरं वळणं अशा कामांसाठी घडवल्या. मांजराचं काम एकच होतं, उंदीर धरणं, आणि ते त्याला शिकवावं लागत नव्हतं. त्यामुळे हजारो वर्षं माणसाने मांजराच्या रूपात फारशी ढवळाढवळ केली नाही.

हे चित्र बदललं ते एकोणिसाव्या शतकात. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं एक मोठं प्रदर्शन भरलं. हॅरिसन वेअर या चित्रकाराने ते भरवलं होतं. मांजरांना गुण कसे द्यायचे याचे नियमही त्यानेच तयार केले. पुढे मांजरांच्या संस्था निघाल्या आणि प्रत्येक जातीची 'आदर्श' वर्णनं लिहिली गेली. डोळे कसे असावेत, कान केवढे असावेत, शेपूट किती लांब असावी. म्हणजे बहुतेक जातींचं वय फार तर दीडशे वर्षं. आणि या वर्णनांत सगळ्यात जास्त जागा कशाला मिळाली? दिसण्याला!

चार ओळखीचे चेहरे

सगळ्यात आधी ब्रिटिश शॉर्टहेअर पाहा. गोल चेहरा, भरलेले गाल, भक्कम बांधा आणि मखमलीसारखे दाट केस. याचा राखाडी रंग फार प्रसिद्ध आहे, मांजरांच्या जगात त्याला 'निळा' म्हणतात. या निळ्या मांजराचे डोळे तांब्याच्या रंगाचे असतात. स्वभाव शांत, थोडा अलिप्त. जवळ येऊन बसेल, पण उचलून घेतलेलं त्याला फारसं आवडत नाही. दोन महायुद्धांच्या काळात ही मांजरं इतकी कमी झाली, की जात टिकवायला पर्शियन मांजरांशी संकर करावा लागला. म्हणजे 'शुद्ध' समजल्या जाणाऱ्या जातीतही सरमिसळ आहेच.

दुसरं सयामी. सयाम म्हणजे आजचं थायलंड. सडपातळ अंग, निळे डोळे, फिकट शरीर आणि तोंड, कान, पाय, शेपूट मात्र गडद. असं का बरं? विज्ञानाच्या तासाला शोभेल असं हे उदाहरण आहे. केसांना रंग देणारं या मांजरातलं विकर उष्णतेत नीट काम करत नाही. त्यामुळे शरीराच्या उबदार भागावर रंग चढत नाही, टोकाकडच्या थंड भागांवर चढतो. आईच्या पोटात सगळीकडे ऊबच असल्याने पिल्लं जवळजवळ पांढरी जन्मतात आणि मग हळूहळू रंगतात. स्वभाव म्हणाल तर बडबड्या! भूक लागली, कंटाळा आला, दार बंद दिसलं, प्रत्येक गोष्टीवर त्याचं मोठ्या आवाजात म्हणणं असतं. दिवसभर कुलूप असलेल्या घरात हे मांजर सुखी राहणार नाही.

तिसरं अ‍ॅबिसिनियन. याच्या एकेका केसावर फिकट आणि गडद रंगाचे पट्टे असतात, त्यामुळे अंग सशासारखं किंवा हरणासारखं दिसतं. लांब बांधा, मोठे कान, सतत काहीतरी शोधणारी नजर. मांडीवर बसण्यापेक्षा कपाटावर चढण्यात याला जास्त रस.

चौथ्याचं नाव ऐकून तुम्ही चमकाल. त्याचं नाव 'बॉम्बे'! काळंभोर, तुकतुकीत, तांब्याच्या रंगाच्या डोळ्यांचं मांजर. पण मुंबईशी त्याचा काहीही संबंध नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात निकी हॉर्नर या बाईंनी बर्मीज आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या संकरातून ते घडवायला सुरुवात केली. भारतातल्या काळ्या बिबट्याची छोटी प्रतिकृती वाटावी असं मांजर त्यांना हवं होतं, म्हणून हे नाव. स्वभावाने ते मायाळू, माणसाच्या मागे मागे फिरणारं. गंमत पाहा, आपल्याकडे काळं मांजर आडवं गेलं तर माणसं पाच पावलं मागे जातात. तोच रंग, पण नाव 'बॉम्बे' आणि सोबत कागद असला की त्याचं कौतुक होतं. मग शुभ-अशुभ रंगात असतं, की आपल्या डोक्यात?

रूपाची किंमत कोण देतं?

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू भाग.

१९६१ साली स्कॉटलंडमधल्या पर्थशायर भागात एका शेतावर 'सूझी' नावाचं पांढरं मांजर होतं. तिचे कान पुढे दुमडलेले होते. विल्यम रॉस या मेंढपाळाला ती आवडली आणि तिच्या वंशातून 'स्कॉटिश फोल्ड' ही जात तयार झाली. गोल डोकं, मोठे डोळे, दुमडलेले कान, जणू घुबडाचं पिल्लूच. मोबाइलवर या मांजरांचे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील.

पण कान दुमडतात का? ज्या जनुकामुळे ते दुमडतात, त्यामुळे शरीरातली कूर्चाच सदोष बनते. कूर्चा काही फक्त कानात नसते. ती पायांच्या सांध्यांत असते, शेपटीतही असते. त्यामुळे यातल्या अनेक मांजरांचे सांधे दुखतात, आखडतात, शेपूट ताठ होते. कान दुमडलेला आहे याचा अर्थच तो दोष त्या मांजरात आहे. दुखणं कमी-जास्त असेल, पण दोष असतोच. ब्रिटनच्या प्रमुख मांजर-संस्थेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या जातीची नोंदणी थांबवली. नेदरलँड्समध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अशा पैदाशीला कायद्याने बंदी आहे. तरी दुसऱ्या देशांत ही पैदास चालूच राहिली, कारण मागणी आहे.

मला सगळ्यात जास्त खटकते ती पुढची गोष्ट. स्कॉटिश फोल्डचं वर्णन 'फार शांत, एका जागी बसून राहणारं' असं केलं जातं. मागचे पाय पुढे पसरून माणसासारखं बसलं की लोक हसतात, फोटो काढतात. पण ज्याचे सांधे दुखतात ते उड्या कशा मारणार? आपल्या आजीचे गुडघे दुखतात म्हणून ती बसून राहते, तेव्हा आपण "आजीचा स्वभाव किती शांत" असं म्हणतो का? दुखण्याला स्वभाव म्हणणं हा त्या मुक्या जिवावर अन्याय आहे.

एक्झॉटिक शॉर्टहेअरचंही थोडं तसंच. १९६० च्या दशकात अमेरिकेत पर्शियन आणि अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या संकरातून ही जात पुढे आली. चेहरा पर्शियन, केस आखूड, म्हणजे विंचरण्याचा त्रास कमी. पण चेहरा जितका चपटा, तितका श्वासाचा मार्ग अरुंद. डोळ्यांतून सारखं पाणी येतं, घोरणं चालू असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अशा मांजराचे काय हाल होत असतील, याचा विचार करा.

म्हणूनच आपली म्हण खरी आहे, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

मग जातीचा स्वभाव असतो की नसतो?

इथे दुसऱ्या टोकालाही जायला नको. "जातीचा स्वभावाशी काही संबंधच नाही" असं म्हणणंही चूक ठरेल. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो मांजरांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की वागण्यातल्या फरकांपैकी साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. २०२१ च्या अभ्यासात रशियन ब्लू सगळ्यात भित्रं आणि अ‍ॅबिसिनियन सगळ्यात कमी भित्रं आढळलं. बेंगाल सगळ्यात चळवळं, तर पर्शियन आणि एक्झॉटिक सगळ्यात सुस्त. (ही सुस्ती किती स्वभावाची आणि किती चपट्या नाकाची, हा प्रश्न माझ्या मनात येतोच.)

पण निम्मा भाग आनुवंशिक, तर उरलेला निम्मा? तो घडवण्यात संगोपनाचा मोठा वाटा आहे. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांनी त्याला प्रेमाने हाताळलं, घरातले आवाज त्याच्या कानावर पडले, तर ते मोठेपणी माणसाळलेलं होतं. त्या काळात ते पिंजऱ्यात पडून राहिलं, तर कागदावर कितीही उत्तम जात लिहिलेली असली तरी ते बुजरं राहू शकतं. आपल्या परसातल्या मांजराचं पिल्लूही याच नियमाने घडतं. जात शक्यता सांगते, खात्री देत नाही.

मग आपण काय करायचं?

घरात मांजर आणायचंच असेल, तर माझ्या मते या गोष्टी पाळा.

पहिली गोष्ट, चेहरा पाहून ठरवू नका. घरात दिवसभर कोण असतं, लहान मुलं आहेत का, उन्हाळा किती कडक असतो, हे आधी पाहा. दुसरी, दुमडलेल्या कानांचं आणि फार चपट्या चेहऱ्याचं पिल्लू विकत घेऊ नका. मागणी थांबली तरच पैदास थांबेल. ज्यांच्या घरी असं मांजर आधीच आहे, त्यांनी त्याला अंतर देऊ नये. प्राण्यांच्या डॉक्टरांना नियमित दाखवावं, चढायला सोप्या पायऱ्या कराव्यात. तिसरी, पिल्लाची आई पाहायला मागा. आई दाखवायला टाळाटाळ केली, की तिथून निघा. बारा आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून आणू नका. आणि चौथी, कागदाची हौस नसेल, तर आपल्याच परिसरातलं बेवारस पिल्लू घरी आणा. त्याचं रूप कोणत्याही संस्थेने ठरवलेलं नाही. या हवेत तगलेल्या पिढ्यांनी ते घडवलं आहे.

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं आपल्याला कुणी पाहत नाही, असं आपण म्हणतो. पण खरं सांगायचं तर इथे डोळे आपण मिटले आहेत. गोंडस चेहऱ्यामागचं दुखणं आपल्याला दिसत नाही, कारण ते पाहायचंच नसतं.

मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या आसपासचं कोणतंही एक मांजर रोज दहा मिनिटं लांबून पाहा. ते कशाला घाबरतं, कुणाजवळ जातं, कुठे चढतं, कधी ओरडतं, ते वहीत लिहा. आधी रूपाचं वर्णन एका परिच्छेदात करा, मग स्वभावाचं दुसऱ्या परिच्छेदात. दुसरा परिच्छेद पहिल्यापेक्षा मोठा झाला, तर तुम्ही मांजर खरोखर पाहिलं असं समजा.