झाकली मूठ सव्वा लाखाची? धंद्यात नाही!



होलसेल माल घेण्यासाठी व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या एखाद्या ग्रुपमध्ये जाताना तुम्ही काय विचारता? मेंबर किती आहेत? रेट काय आहे? कमीत कमी किती नग घ्यावे लागतात? सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक प्रश्न मी फार कमी लोकांच्या तोंडून ऐकतो: "या ग्रुपमध्ये आजपर्यंत कुणाकुणाचे वाद झाले आणि ते कसे मिटले?"

माझं स्पष्ट मत आहे की, ज्या ग्रुपमध्ये या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, तिथे पहिली मोठी ऑर्डर देऊ नका. रेट कितीही चांगला असू दे.

बाजाराला आठवण असते

कुठल्याही जुन्या बाजारपेठेत जा. कापडाची गल्ली असो, भुसार असो, भांडी असो. कोणत्या पार्टीने कुणाचे पैसे थकवले, कोण डागी माल गठ्ठ्याच्या आत घालतो, कोण चुकलं तरी दुसऱ्या दिवशी माल बदलून देतो, हे चहाच्या टपरीवरसुद्धा माहीत असतं. दलालाला विचारा, हमालाला विचारा. यालाच आपण 'पत' म्हणतो. पत म्हणजे कोरी पाटी नव्हे. वीस वर्षांत काय काय झालं आणि माणूस त्यात कसा वागला, याची लोकांना असलेली आठवण म्हणजे पत.

ऑनलाइन ग्रुपमध्ये नेमकी ही आठवणच नसते. तक्रारीचा मेसेज ॲडमिन एका बोटाने उडवतो. तक्रार करणाऱ्याला ग्रुपमधून काढतो. बदनाम झालेला विक्रेता नवं नाव, नवा नंबर, नवा लोगो घेऊन पुढच्या महिन्यात परत हजर! आणि आज जॉइन झालेल्या नवख्याला दिसतात ते फक्त कुर्त्यांचे फोटो आणि हात जोडलेले इमोजी.

एक हिशोब करून बघू. समजा, नाशिकच्या एका ताईंनी घरून कुर्ते विकायचं ठरवलं. हाताशी भांडवल २०,००० रुपये. ग्रुपमधल्या विक्रेत्याकडून २५० रुपयांचा एक असे ६० कुर्ते मागवले, म्हणजे १५,००० रुपये. पार्सल उघडलं तर १८ नगांवर डाग. म्हणजे ४,५०० रुपयांचा माल अडकला. विक्रेता म्हणतो, "आमच्याकडून चेक करूनच गेला होता." ताईंनी ग्रुपवर फोटो टाकले, तर ॲडमिनने डिलीट केले आणि पर्सनलवर लिहिलं, "ताई, ग्रुपचं वातावरण खराब होतं."

आता विचार करा, याच विक्रेत्याबद्दल आधी तिघांनी असेच फोटो टाकले असतील आणि तेही डिलीट झाले असतील, तर? ताईंचे ४,५०० रुपये त्या तीन डिलीट झालेल्या मेसेजमुळे गेले. मोठ्या व्यापाऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. २०,००० रुपयांत धंदा सुरू करणाऱ्यासाठी तो जवळजवळ चौथा हिस्सा आहे. अनेकांचा धंदा इथेच बंद होतो.

"पण कायदा आहे ना?"

आहे, पण कुठे आणि किती हे नीट समजून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा माणूस 'ग्राहक' धरला जात नाही. म्हणजे घरात वापरायला एक कुर्ता घेतला तर तुम्ही ग्राहक. विकायला ६० घेतले तर तुम्ही व्यापारी, आणि ग्राहक आयोगाचं दार तुमच्यासाठी बंद.

उलट बाजूने, म्हणजे तुमचे पैसे कुणी थकवले, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा मदतीला येतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला, सेवा देणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत पैसे मिळाले पाहिजेत आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. पण नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जासाठी. थकबाकीचं हे संरक्षण त्यांना त्यात मिळालेलं नाही.

उरलं काय? दिवाणी दावा. ४,५०० रुपयांसाठी वकील, तारखा, दुसऱ्या राज्यातला विक्रेता! कुणी करत नाही. (सरळ फसवणूक असेल, पैसे घेऊन नंबरच बंद केला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे वेळ न घालवता १९३० वर फोन करा.) म्हणून छोट्या व्यापाऱ्याचं खरं संरक्षण एकच उरतं: आधी काय घडलं, याची उघडी नोंद. ही नोंद पुसणारा ॲडमिन वातावरण सांभाळत नसतो, तो तुमच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेत असतो.

दुसरी बाजूही ऐका

ॲडमिन लोकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तक्रार उघड करायची मोकळीक दिली की काही जण तिचा गैरवापर करतात. "डिस्काउंट दे, नाहीतर ग्रुपवर टाकतो", हेही चालतं. स्पर्धक दुसऱ्या नंबरवरून खोटी तक्रार टाकतात. चांगल्या विक्रेत्याचं एका दिवसात नुकसान होऊ शकतं.

हा प्रश्न जगाला नवा नाही. १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटने १९९६ मध्येच खरेदीदार आणि विक्रेते यांना एकमेकांबद्दल उघडपणे शेरा लिहायची सोय दिली. अनोळखी माणसं एकमेकांना न भेटता व्यवहार करू लागली, त्यात या शेऱ्यांचा मोठा वाटा होता. पण पुढे एक दुखणं सुरू झालं. खरेदीदाराने वाईट शेरा दिला की विक्रेता सूड म्हणून त्यालाही वाईट शेरा द्यायचा. या भीतीने लोक खरं लिहायचेच बंद झाले. शेवटी २००८ मध्ये ईबेने नियम बदलला आणि विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देता येईनासा झाला. विक्रेते नाराज झाले, कारण पैसे बुडवणाऱ्या खरेदीदाराबद्दल लिहायचं कुठे, हा त्यांचा प्रश्नही रास्त होता.

यातून मी शिकतो ते हे: नोंद ठेवली की गैरवापर होणार, म्हणून नियम सुधारत राहायचे. ईबेने नियम बदलला, पण शेरे बंद केले नाहीत. आपण मात्र पहिल्याच भांडणात अख्खी वहीच फाडून टाकतो.

नोंद कशी असावी?

ग्रुप तुमचा असेल, किंवा ॲडमिन तुमचं ऐकत असेल, तर हे सहा नियम लावून बघा:

१. तक्रारीसोबत पुरावा हवाच. बिल, पेमेंटचा स्क्रीनशॉट, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ. पुरावा नाही तर नोंद नाही.

२. समोरच्याला ७ दिवस द्या. त्याचं उत्तर तक्रारीच्या शेजारीच दिसलं पाहिजे.

३. फक्त घडलेलं लिहा. "६० पैकी १८ नगांवर डाग होते" ही माहिती झाली. "हा चोर आहे" ही शिवी झाली.

४. शेवट लिहा. पैसे परत मिळाले, माल बदलून दिला, की विषय तसाच राहिला? शेवटाशिवाय नोंद अर्धवट.

५. दोन्ही बाजू नोंदवा. माल घेऊन पैसे थकवणारा खरेदीदारही त्याच यादीत आला पाहिजे.

६. मिटलेला वाद दोन वर्षांनी यादीतून काढा. माणसाला सुधारायची संधी द्या. न मिटलेला मात्र तसाच राहू द्या.

एक नमुना देतो: "१५,००० रुपयांचा माल, १८ नग डागी. विक्रेत्याने सहाव्या दिवशी ४,५०० रुपये परत केले. दोघांना मान्य. विषय बंद." संपलं. यात कुणाची बदनामी नाही. उलट मला विचाराल, तर ही नोंद वाचून मी या विक्रेत्याकडे ऑर्डर देईन!

तिसरा नियम तर अजिबात सोडू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे. लोकहितासाठी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीला त्यात अपवाद आहे, पण ती खरी होती हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून पुरावा जपा आणि जीभ आवरा.

आणि वाद तुमच्याच नावावर असेल तर?

धंदा करणार म्हणजे कधीतरी होणारच. कुरिअर माल आपटणार, कारागीर चुकणार, रंग फोटोपेक्षा वेगळा निघणार. त्या दिवशी पहिला विचार येतो, "हे कुणाला कळायला नको." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. घरातल्या गोष्टींना ते ठीक असेल. ऑनलाइन धंद्यात समोरच्याने तुमचं दुकान पाहिलेलं नसतं, तुमचं गाव पाहिलेलं नसतं. त्याच्यासाठी झाकली मूठ म्हणजे संशय.

म्हणून नवीन पार्टीने विचारलं की सरळ सांगा: "आमच्या दोन तक्रारी आल्या होत्या. एकात आमची चूक होती, पैसे परत दिले. दुसऱ्यात पार्टीने मान्य केलं की माल बरोबर होता." हे सांगायला दोन मिनिटं लागतात. "आमच्याकडे कधीच तक्रार नाही" असं म्हणणारा एकतर कालच धंद्यात आलाय, किंवा काहीतरी लपवतोय. तुम्हीच सांगा, दोघांपैकी पैसे कुणाच्या हातात द्याल?

या आठवड्यात एवढं करा. ज्या ग्रुपमधून माल घेता, तिथल्या ॲडमिनला वरचा प्रश्न विचारा. मोठ्या ऑर्डरआधी विक्रेत्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा: नोंदणी चालू आहे का, कधीची आहे, रिटर्न भरली जातात का. पहिली ऑर्डर छोटी द्या आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि आजपासून एका वहीत स्वतःच्या तक्रारी लिहायला सुरुवात करा: तारीख, रक्कम, काय झालं, कसं मिटलं.

वर्षभराने ती वही कुणालाही न लाजता दाखवता आली, तर तुमची पत तयार झाली असं समजा. मग तुमच्या रेटपेक्षा कुणी दोन रुपये कमी लावले, तरी गिऱ्हाईक तुमच्याकडेच येईल.