एका चिठ्ठीवर आयुष्याचा निकाल लावू नका!



एचआयव्हीची किंवा गुप्तरोगाची तपासणी केलेला माणूस रिपोर्ट कोणाला दाखवत नाही. चार घड्या घालून तो खिशात ठेवतो आणि त्यावरच्या एका शब्दापायी रात्ररात्र जागतो. हमरस्त्यावरच्या आपल्या घोटी गावात ट्रकचालक असोत, भातगिरणीवरचे हमाल असोत की नवी नवरी, ही वेळ कोणावरही येऊ शकते. त्या प्रत्येकाला हात जोडून सांगणे आहे: घाबरून टोकाचे पाऊल उचलू नका, आणि निर्धास्तही होऊ नका. आधी नीट फेरतपासणी करा.

रॅपिड किटच्या पट्टीवर ‘सी’पाशी रेघ उमटलीच नाही, तर ती चाचणी बाद. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हींपाशी उमटली, अगदी फिकट का असेना, तर ‘रिॲक्टिव्ह’. पण ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे एचआयव्ही झालाच, असे नव्हे. समजा, हजार जणांत तिघांनाच लागण आहे आणि किट दर हजार निरोगी माणसांमागे पाच वेळा चुकते. मग आठ जणांच्या हाती ‘रिॲक्टिव्ह’ची चिठ्ठी पडेल, आणि त्यातले पाच निरोगी असतील! म्हणूनच सरकारी आयसीटीसी (समुपदेशन व चाचणी) केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर तपासून तिन्ही रिॲक्टिव्ह आल्यावरच पॉझिटिव्ह ठरवतात.

उलट बाजूही तितकीच खरी. लागण झाल्यावर रक्तात ती दिसायला वेळ लागतो. आठवड्याभरात केलेली चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तरी रॅपिड चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करावीच लागते. तोवर निरोध वापरा, रक्तदान करू नका.

गरमी, म्हणजे सिफिलिससाठी केलेली व्हीडीआरएल चाचणी मलेरिया, कुष्ठरोग, संधिवाताचे काही प्रकार किंवा गरोदरपण यांमुळेही चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचए चाचणीने खात्री करता येते. मात्र गरोदर बाईने फेरतपासणीच्या नावाखाली उपचार लांबवू नयेत. उपचारांविना बाळ दगावू शकते. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो. आणि एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणजे परमा (गोनोरिया) नाही, असेही नाही. त्यासाठी लघवीचा किंवा स्रावाचा नमुना वेगळा तपासावा लागतो. बायकांमध्ये तर पुष्कळदा काहीच त्रास जाणवत नाही.

तेव्हा रिपोर्ट घेऊन भोंदूकडे जाऊ नका, मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका, बायकोवर किंवा नवऱ्यावर आळ घेऊ नका. १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून जवळचे आयसीटीसी केंद्र विचारा. तिथे तपासणी मोफत होते आणि समुपदेशक शांतपणे ऐकून घेतात. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. लागण टाळणारी औषधे २८ दिवस घ्यावी लागतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी उपयोगी पडतात.

तीन चाचण्यांनंतर पॉझिटिव्हच ठरलात, तरी औषधे मोफत आहेत आणि ती नियमित घेणारी माणसे संसार करतात, म्हातारी होतात. खिशातली ती घडी आज उघडा आणि केंद्रावर जा. सोबत कोणी हवे असेल, तर विश्वासातल्या माणसाला घेऊन जा, पण जा.